जागेच असता तर आमचीबी मोटर लावा

माझी झोप गेली म्हणून गावानं माझा सत्कार केला होता. शाल दिली, गुच्छ दिला आणि एक मोठी बॅटरी दिली, शेतातला साप लांबूनच दिसावा अशी लखलखीत. शाल अजून कपाटात आहे. बॅटरी माझ्या बायकोनं कुठे ठेवली ते मी विचारलेलं नाही.

मी टेलर आहे. औंढा तालुक्यात जवळा बाजारच्या थोडं पलीकडे आमचं गाव. बाजारात माझं छोटं दुकान आणि गावाच्या शिवारात वडिलांनी ठेवलेली तीन एकर जमीन. शाळेचे गणवेश, शर्ट, ब्लाउज, बाजाराच्या दिवशी आलेलं उसवलेलं-फाटलेलं, हे माझं काम. लिहिणं हा माझा धंदा नाही. पण हिंगोलीच्या डॉक्टर मॅडम म्हणाल्या, बोलायला जड जातं तर लिहून काढा, आणि जमलं तर कुणाला तरी वाचायला द्या. कापड बेतायची सवय असल्यामुळे आधी बेतून लिहायला बसलो, तर एक ओळ जमेना. म्हणून आता जसं आठवतं तसं लिहितो आहे.

कुठून सुरू झालं

ते मला अजून नीट सांगता येत नाही. आधी पहाटे फार लवकर जाग यायला लागली. कांता, म्हणजे माझी बायको, म्हणाली, वय झालं आता तुमचं. मग अर्ध्या रात्रीत जाग यायला लागली. मग पडल्यापासून उजाडेपर्यंत डोळे उघडेच. मला वाटलं चहा जास्त होतो, तो सोडला. मग वाटलं मोबाइलमुळे होतं, तो संध्याकाळीच कांताच्या हवाली केला. तिनं त्यात तासभर रेसिप्या बघितल्या आणि घोरायला लागली. मी मात्र जिथल्या तिथं.

उपाय सांगणाऱ्यांची आपल्याकडे कमी नाही. दुधात जायफळ झालं, खसखस झाली. कांता माझ्या तळपायाला तेल लावून काशाची वाटी घासायची, तळपाय काळे पडेपर्यंत. घासता घासता तीच पेंगायची, आणि मीच तिला म्हणायचो, पुरे कर, झोप आता. विहारातल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, शांत बसा, डोळे मिटा, श्वासाकडे बघा. बसलो. समोर बुद्धमूर्ती, डोळे मिटलेली, चेहऱ्यावर निवांतपणा. मला त्या मूर्तीचा हेवा वाटला. इतक्या खालच्या थराला मी आलो होतो.

मेडिकलवाल्यानं ओळखीनं कसल्यातरी गोळ्या दिल्या. असं डॉक्टरला न विचारता औषध कुणी घेऊ नये, हे आता मी सांगतो, पण तेव्हा घेतलं. त्यानं झोप आली नाही, गुंगी आली. उठलो की डोक्यात कापूस भरल्यासारखं व्हायचं.

सगळे झोपेचंच बघत होते, मीही. दिवसाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. खरा त्रास दिवसाचा होता. उजाडलं की छातीवर ओली गोधडी टाकल्यासारखं वाटायचं. अंघोळ करावी की नाही एवढं ठरवायला सकाळ जायची. जेवणाची चव गेली. मुलगी नांदेडला शिकते, तिचा फोन आला की पूर्वी मी बोलणं थांबवायचो नाही. आता ती विचारायची, "पप्पा, बरे हाव ना?" आणि मी म्हणायचो, "मजेत," आणि फोन कांताकडे द्यायचो. त्या पोरीचा आवाज ऐकून मला काहीच वाटत नव्हतं, आणि काहीच वाटत नाही याचीच भीती वाटायची.

एकदा गणवेशाच्या शर्टाला मी दोन्ही बाह्या एकाच हाताच्या लावल्या. लेकराची आई शर्ट घेऊन आली आणि म्हणाली, "टेलरभाऊ, माझ्या लेकराला दोनी डावेच हात हायेत व्हय?" दुकानातले सगळे हसले, मीही हसलो. ती गेल्यावर शर्ट मांडीवर घेऊन बसलो. बाही उसवायची म्हणजे काय, ब्लेड घ्यायची आणि टाके काढायचे. पोराटोरांचं काम. ते मला संध्याकाळपर्यंत जमलं नाही. ब्लेड हातात धरून बसून राहिलो आणि दुकान बंद करायची वेळ झाली.

लोक विचारायचे, "काहून असे दिसून राहिले?" काय सांगणार? कुणाचं देणं नाही. घरात भांडण नाही. पोरगी शिकते आहे. कांतासारखी बायको आहे. दुःखाला काही कारण असतं तर ते मी कुणाच्या तरी समोर ठेवलं असतं. कारण नसलेलं दुःख दाखवायला लाज वाटते.

डीपी आणि किल्ल्या

आमच्याकडे शेतीची लाईट पाळीनं येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. पाणी तर रोजच लागतं, हळदीला, गव्हाला. म्हणून आधी सगळ्यांनी मोटरींना ऑटो बसवले होते. लाईट आली की मोटर आपोआप सुरू, शेतकरी घरी झोपलेला. पण शिवारातल्या सगळ्या मोटरी एका दमात सुरू झाल्या की डीपीवर, म्हणजे शिवारातल्या ट्रान्सफॉर्मरवर, भार येतो. आमची डीपी अशी दोनदा जळाली आणि नवी येईपर्यंत उभी हळद पिवळी पडली.

तेव्हा त्या डीपीवरचे सगळे शेतकरी शाळेच्या ओट्यावर बसले आणि ठरलं की ऑटो काढून टाकायचे. एकानंच शिवारात फिरायचं आणि थोडा थोडा वेळ सोडून एकेक मोटर हातानं सुरू करायची. ठरलं खरं, पण रात्रीच्या पाळीला फिरणार कोण? सगळे जमिनीकडे बघायला लागले.

माझ्या बांधाला बांध लागून रहीमभाईंचं शेत आहे. आमची दोन पिढ्यांची ओळख. ते म्हणाले, "टेलर, तुमी तर जागेच राहता. बराबर एकेक बटन दाबत जायचं. तुमाला काय तकलीफ न्हाई ना?"

सगळे हसले, वाईट मनानं नव्हे. मग दुसरा म्हणाला, जागेच असता तर आमचीबी मोटर लावा. मग तिसरा. मी "व्हय" म्हणून बसलो.

खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. इतके दिवस माझं जागणं ही घरातली अडचण होती, आता ते कुणाच्या तरी उपयोगाला आलं. केबल आणि स्टार्टर चोरीला जातात म्हणून प्रत्येकाच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप असतं. त्या सगळ्या किल्ल्या आमच्या घरी आल्या. कांतानं दाराजवळच्या खिळ्याला त्या अडकवल्या आणि कुणाची कोणती ते कळावं म्हणून दुकानातल्या कातरणाच्या चिंध्या बांधल्या. रहीमभाईंची हिरवी, पलीकडच्या शेतातल्या सोनाबाईची लाल ठिपक्यांची, कुणाची गणवेशाची निळी. आमच्या स्वतःच्या किल्लीला तिनं तिच्या लग्नातल्या साडीचा तुकडा बांधला.

तिला माझा अभिमान वाटायचा. रात्रीची पाळी असली की ती थर्मासमध्ये चहा भरून, किल्ल्यांचा जुडगा हातात देऊन मला दारापर्यंत सोडायला यायची. नळावर बायकांना सांगायची, "आमच्या मालकाबिगर शिवाराला पानी न्हाई." झोप गेल्यापासून माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललेलं मी ऐकलं नव्हतं.

विहिरी

हे मला लिहायचं नव्हतं. मॅडम म्हणाल्या, हेच लिहा.

स्टार्टरची पेटी विहिरीजवळ असते. बटन दाबलं की मोटर पाणी उचलते का, पाणी किती आहे, हे वाकून बघावं लागतं. पहिले काही आठवडे मी तेवढंच बघत होतो. पुढं पुढं बघून झाल्यावरही मी तिथून हलायचो नाही. मरणाचा विचार यायचा. मोठा, रडवणारा विचार नव्हे. संपलं तर बरं, उद्याची सकाळ तरी येणार नाही, इतकाच, अगदी शांतपणे यायचा. पहिल्या विहिरीवर आला की पुढच्या विहिरीवर तो माझ्या आधीच येऊन बसलेला असायचा.

मग वाटायचं, सोनाबाईची मोटर राहिली आहे, तिची हळद सुकेल. चालायला लागायचो. हसू येईल कुणाला, पण कितीतरी वेळा मला घरी कुणी आणलं असेल तर ते पुढच्या राहिलेल्या मोटरीनं. ज्या कामानं मला तिथं नेलं त्याच कामानं परत आणलं. पण सगळ्या मोटरी सुरू झाल्या की शेवटची विहीर आमची होती, आणि तिच्यापुढं कुणाचीच मोटर नव्हती. तिथं मी काय काय केलं आणि कसा परत फिरलो, ते इथं लिहिणार नाही.

सकाळी कांता विचारायची, "पडलात का घटकाभर? लागली का झोप?"

मी म्हणायचो, "लागली की."

हळद निघाली, डीपी शाबूत राहिली आणि गावानं तो सत्कार केला. एकजण भाषणात म्हणाले, असा एकेक जागता माणूस प्रत्येक गावाला मिळाला पाहिजे. टाळ्या वाजल्या. रहीमभाईंनी मला मिठी मारली. पहिल्या रांगेत कांता नवी साडी नेसून बसली होती. मला दोन शब्द बोला म्हणाले. माइक हातात आला. मला म्हणायचं होतं, मला वाचवा. मी म्हणालो, "धन्यवाद," आणि खाली बसलो.

शेरवानी

रहीमभाईंच्या मुलाचं लग्न ठरलं आणि शेरवानीचं कापड माझ्याकडे आलं. हैदराबादहून आणलेलं, मोतिया रंगाचं. असं कापड आमच्या दुकानात वर्षातून एकदा येतं. मी माप बघितलं, खडूनं आखलं, कात्री लावली, आणि पाठीचा भाग मधोमध चिरून ठेवला. आखलेली रेघ डोळ्यांसमोर होती. हात तिच्यावरून गेलाच नाही.

रहीमभाई आले तेव्हा मी तसाच कापडासमोर बसलो होतो. त्यांनी कापड बघितलं. ते ओरडतील असं मला वाटलं, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते माझ्या शेजारी स्टुलावर बसले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "भाई, कपड्याचं जाऊ द्या. तुमाला काय होऊन राहिलं ते सांगा."

मी म्हणालो, झोप नाही.

"झोपेनं मानूस असा होत न्हाई. माझ्या भाच्याचं असंच होतं. हिंगोलीला सरकारी दवाखान्यात दिमागाचे डॉक्टर बसतेत. त्याला गुन आला. लाजू नका."

मी लाजलोच. पण त्यांनी दुकानातून सरळ आमच्या घरी जाऊन कांताला सांगितलं. मग सुटका नव्हती.

बीपी

गावात सांगितलं, बीपी दाखवायला हिंगोलीला चाललो. एसटीत मी खिडकीशी, कांता पिशवी मांडीवर घेऊन. दवाखान्यात चिठ्ठी काढली, मनोविकाराच्या खोलीबाहेर बाकावर बसलो. शेजारी एकजण तोंडाला रुमाल बांधून बसला होता. बऱ्याच वेळानं आम्ही एकमेकांना ओळखलं. मोंढ्यात हळदीचा व्यापार करणारे, मी त्यांचे शर्ट शिवलेले.

"तुमी इकडं काहून?" ते म्हणाले.

"बीपी. तुमी?"

"माझाबी बीपीच."

डोक्यावर खोलीची पाटी होती, मोठ्या अक्षरांत. आम्ही दोघांनी ती वाचली, मग एकमेकांकडे बघितलं, आणि त्यांनी रुमाल काढून खिशात ठेवला. किती तरी महिन्यांनी मला आतून हसू आलं. फार टिकलं नाही, पण आलं.

डॉक्टर मॅडम वयानं माझ्या मुलीपेक्षा थोड्याच मोठ्या. मी झोपेचं सांगायला लागलो, त्या दिवसाचं विचारत राहिल्या. जेवण जातं का, कामात मन लागतं का, पूर्वी काय आवडायचं. मी एका शब्दात उत्तरं देत होतो. कांताला राहवेना.

"झोपेचं तेवढं बघा मॅडम, बाकी त्यायला काई न्हाई. सगळ्या शिवाराच्या मोटरी लावतेत रातच्याला."

"रात्री? सोबत कोण असतं?"

"कोन कशाला? बॅटरी असते ना."

"मोटरी असतात कुठं?"

"विहिरीवर. अजून कुटं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. माझ्याकडे बघून त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "जगणं नको वाटतं का तुम्हाला?"

दोन वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो, हे मला तो ऐकल्यावर कळलं. सगळ्यांनी विचारलं होतं, झोप लागली का. हे कुणी विचारलं नव्हतं. त्या कांताला म्हणाल्या, बाहेर बसता का थोडा वेळ? कांता खुर्ची घट्ट धरून बसली, उठली नाही.

"व्हय," मी म्हणालो.

"विहिरीवर असताना?"

"व्हय."

मग कांतानं हळूच विचारलं, "हिरवीच्या?"

ती किल्ल्यांच्या चिंध्यांवरून एकेक विहीर विचारत होती. मी म्हणालो, "व्हय."

"लाल ठिपक्याच्या?"

"तिथंबी."

"निळीच्या?"

"व्हय."

तिनं खिळ्यावरच्या एकूणएक किल्लीचं विचारलं, ज्या क्रमानं ती माझ्या हातात द्यायची त्या क्रमानं. मॅडमनी तिला थांबवलं नाही. शेवटी ती म्हणाली, "आन् आपली?"

मी टेबलाच्या कडेकडे बघत राहिलो आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. दोन वर्षांनी पहिल्यांदा.

मॅडमनी सांगितलं ते मी माझ्या भाषेत लिहितो. याला डिप्रेशन म्हणतात. हा आजार आहे, आळस नाही, नाटक नाही. झोप गेली म्हणून मन खचतं आणि मन खचलं म्हणून झोप जाते. कुणी कुणाला आधी ओढलं ते शोधत बसायचं नाही, दोघांवरही उपचार करायचा. औषधाला काही आठवडे लागतील. गोळ्या बायकोच्या ताब्यात राहतील. आणि एकट्यानं विहिरीवर जायचं नाही, दिवसा नाही, रात्री तर नाहीच. कसंही वाटलं तरी आधी कुणाला तरी उठवायचं आणि सांगायचं.

परत येताना औंढ्यापर्यंत कांता पिशवीचे बंद गुंडाळत आणि सोडत बसली. गाडी स्टँडवर थांबली, शेंगावाले खिडकीशी ओरडत होते. तेव्हा ती म्हणाली, "मी च्या भरून देत होते तुमाला."

मी म्हणालो, तुला काय माहीत होतं?

"थर्मास भरून देत होते. जा म्हनत होते."



गावभर

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं खिळ्यावरून सगळ्या किल्ल्या काढल्या आणि दारोदार परत द्यायला निघाली. मला वाटलं, बीपीचं सांगेल. पण दोन घरांपलीकडून तिचा आवाज मला खाटेवर ऐकू आला.

"आता आमची मोटर कोन लावनार?" कुणीतरी विचारत होतं.

"तुमी लावा."

"लईच वाढला का बीपी?"

"बीपी न्हाई. मनाचा आजार हाय त्यायला. विहिरीवर एकटं सोडायचं न्हाई म्हनून सांगितलंय डॉक्टरीननं."

मला इतका संताप आला की ती घरी आल्यावर मी तिला नको ते बोललो. तू मला गावात वेडा ठरवलंस, म्हणालो. ती भाकरी थापत राहिली. "ठरू द्या," म्हणाली. "कुनी तुमाला पुन्हा विहिरीवर धाडायला नको."

तिचं खरं होतं, आणि त्याची किंमतही द्यावी लागली. कित्येकांनी दुकान बदललं. वेड्याच्या हातात कात्री, असं एक बाई दुकानासमोरून जाताना बोलली, मला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. काही ओळखीचे मला बघून रस्ता ओलांडायला लागले. सत्कारात भाषण करणारे भेटले की घाईत असतात.

रहीमभाई मात्र आले. हिरव्या चिंधीची किल्ली त्यांच्या मुठीत होती. बराच वेळ खाटेच्या कडेला बसले. "पयल्यांदा मीच बोललो होतो ना," एवढंच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मी म्हणालो, तुमीच तर दवाखानाबी दाखवला. त्यावर त्यांनी मान हलवली, पण त्यांना ते पटलेलं दिसलं नाही. मुलाच्या लग्नाची शेरवानी त्यांनी नव्या कापडाची हिंगोलीत शिवून घेतली. चिरलेलं कापड माझ्याकडेच आहे. बाजाराचा दिवस सोडला तर रोज संध्याकाळी ते येऊन बसतात. आम्ही फारसं बोलत नाही.

गोळ्या

गोळी घेतली आणि उजाडलं, असं होत नाही. तोंड कोरडं पडलं. पोट बिघडलं. पहिले काही आठवडे मन होतं त्याहून खाली गेलं, आणि मी कांताला म्हणालो, बघ, याचाही उपयोग नाही. मॅडमनी औषध बदललं. परत तेच, वाट बघा. हिंगोलीच्या फेऱ्या, तो बाक, ती पाटी. हळदीचे व्यापारी एकदा भेटले, मग भेटलेच नाहीत. ते बरे झाले म्हणून येत नसतील, असं मी स्वतःला सांगतो.

मग एका दुपारी दुकानात मशिनवर डोकं टेकलं आणि डोळा लागला. उठलो तेव्हा गालावर कापडाची शिवण उमटली होती. कुणी गिऱ्हाईक आलं नव्हतं, त्यामुळे कुणी उठवलं नव्हतं. आरशात तो वळ बघून मी किती वेळ उभा होतो. पुढं हळूहळू रात्रीचीही झोप यायला लागली, तुकड्या-तुकड्यानं, ठिगळं लावल्यासारखी.

सकाळचं ओझं गेलेलं नाही. कमी झालं असेल. अजूनही काही दिवस असे येतात की वाटतं, हे सगळं कशासाठी चाललं आहे. मग मी ते मनात ठेवत नाही, कुणाला तरी सांगतो. एवढाच फरक पडला आहे, आणि एवढ्यावर मी आज जिवंत आहे. तुमच्या घरात कुणी असं जागं राहत असेल तर त्याला काम देऊ नका. त्याच्याजवळ बसा आणि ते विचारा, जे विचारायची भीती वाटते.

काज

मी झोपायला लागलो तेव्हापासून कांतानं तिची खाट दाराला आडवी लावली आहे. मी कूस बदलली की तिची खाट वाजते. मी पाणी प्यायला उठलो की ती उठून बसलेली असते. पहिल्या दिवसांत मला त्याचा आधार वाटला. मग मी तिचे डोळे बघितले.

दुकानातलं काज-बटणाचं काम पहिल्यापासून तिचं. हात इतका नेटका की मापपट्टी न लावता काज सरळ रेषेत येतात. मागच्या आठवड्यात तिनं एक शर्ट पुरा करून दिला. घडी घालताना मी बघितलं तर दोन्ही पट्ट्यांना काजच काज, बटणाला जागाच नाही. मला हसू आलं. म्हणणार होतो की हा शर्ट लावायचा कशानं. आणि मग मला तो दोन डाव्या बाह्यांचा शर्ट आठवला आणि हसू तिथंच मेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला विचारलं, "रातच्याला झोप लागली का तुला?"

चुलीपुढं पाठमोरी बसली होती. वळून न बघता म्हणाली, "लागली की."

मी दोन वर्षं दिलेलं उत्तर. त्याच शब्दांत, त्याच सुरात. ते किती खोटं असतं ते माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी बरा होईन की नाही माहीत नाही, पण जे माझ्या अंगातून थोडं थोडं निघतं आहे ते तिच्या अंगात जाऊन बसतं आहे, हे बघून माझा जीव थाऱ्यावर राहिला नाही. तिनं मला विहिरीवर पाठवलं नव्हतं. हे मी तिला किती वेळा सांगितलं. ती ऐकून घेते आणि खाट दाराला लावते.

काल माझी हिंगोलीची पाळी होती. ती नेहमीसारखी पिशवी घेऊन निघाली. चिठ्ठीच्या खिडकीशी मी पुढं होतो, ती मागे भिंतीला टेकून उभी होती, उभ्या उभ्या डोळे मिटत होते. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "पेशंट कोण?"

मी कांताचा हात धरून तिला पुढं ओढलं. "अवो, मला काय झालंय?" ती म्हणाली. "मला तर बीपीबी न्हाई."

"दोघं," मी खिडकीत सांगितलं.